हाडाला तारीख कळत नाही: ऑर्थो रेसिडेन्सीचं रोटेशन आखणाऱ्यांना खुलं पत्र

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

ऑर्थोपेडिक, म्हणजे हाडांच्या विभागात एक तक्ता लागतो: रोटेशनचा, म्हणजे कोणता रेसिडेन्ट (शिकाऊ डॉक्टर) कोणत्या महिन्यात कोणत्या युनिटमध्ये असेल याचा. डाव्या बाजूला रेसिडेन्टांची नावं, वरच्या ओळीत महिने आणि प्रत्येक चौकोनात एक शब्द: ट्रॉमा (अपघात), स्पाइन (पाठीचा कणा), पीडिअ‍ॅट्रिक, हॅन्ड, आर्थ्रोप्लास्टी (सांधेरोपण), ट्यूमर. हा तक्ता तुम्ही आखता. मी रेसिडेन्ट होते तेव्हा त्यात आधी स्वतःचं नाव शोधायचे, मग आपल्याबरोबर कोण आहे ते बघायचे. आता मी शिकवते आणि तक्ता आखला जातो तेव्हा त्याच खोलीत बसलेली असते. त्यामुळे पुढे ज्या उणिवा सांगणार आहे, त्यांचा काही वाटा माझ्याकडेही येतो.

माझं म्हणणं एकच आहे. तक्ता महिन्यांच्या चौकोनांत भरला जातो आणि हाड त्या चौकोनांत जुळत नाही. त्यामुळे आपला रेसिडेन्ट शेकडो उपचारांची सुरुवात बघतो, पण शेवट जवळजवळ एकाही उपचाराचा बघत नाही. तो शेवट त्याला दिसेल अशी सोय तक्त्यातच करा, एवढ्यासाठी हे पत्र.

दुसऱ्या वर्षाला मी ट्रॉमात होते. एका रात्री कॅज्युअल्टीत पंचविशीतला एक माणूस आला. मांडीचं हाड मधोमध फुटून तीन-चार तुकडे झालेले. सकाळी सरांनी समोर उभं राहून माझ्याकडून नेल, म्हणजे हाडाच्या पोकळीतून जाणारी सळई, घालून घेतला. एन्ट्री नीट मिळाली, गाईडवायर (वाट दाखवणारी तार) पहिल्याच प्रयत्नात पलीकडे गेली, डिस्टल लॉकिंगला, म्हणजे सळईच्या गुडघ्याकडच्या टोकाला स्क्रू लावायलाही, फार वेळ लागला नाही. नंतरचा एक्स-रे बघून सर 'छान' म्हणाले. लांबी बरोबर, अक्ष सरळ. मी लॉगबुक भरलं. तीन आठवड्यांनी रोटेशन बदललं आणि मी स्पाइनला गेले.

दीड वर्षानंतर लिफ्टसमोर त्याने मला ओळखलं. हसून बोलला, आणि मग निघाला तेव्हा मी त्याची चाल पाहिली. ऑपरेशन झालेला पाय प्रत्येक पावलाला बाहेर वळत होता. मी त्याला परत बोलावलं, एका रिकाम्या खोलीत टेबलावर झोपवलं आणि दोन्ही खुबे आत-बाहेर फिरवून बघितले. नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढा फरक होता. पुढे सीटी स्कॅनवर मोजला तेव्हा, ज्या पंधरा अंशांच्या पलीकडे आपण काळजी करतो, त्याच्या बराच वर निघाला. मी विचारलं, इतके दिवस कोणाला सांगितलं का नाही? तो म्हणाला, "डॉक्टर, हाड जुळलं असं सांगितलं. मला वाटलं, आता हा पाय असाच."

मोडलेलं मांडीचं हाड स्वतःभोवती पिळलेल्या अवस्थेत जुळलं, तर साध्या एक्स-रेवर ते पटकन कळत नाही. म्हणून डिस्टल लॉकिंग करण्यापूर्वी गुडघ्याची वाटी बरोबर वर ठेवून सी-आर्मखाली (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र) लेसर ट्रोकँटरचा, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाजवळच्या आतल्या उंचवट्याचा, आकार बघायचा आणि चांगल्या बाजूच्या आकाराशी ताडून पाहायचा. शेवटी रुग्ण टेबलावरून हलवायच्या आधी दोन्ही खुब्यांचं फिरणं तपासायचं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही असतं. पण हाताला त्याची सवय नव्हती. कारण ते न केल्यामुळे काय होतं हे मला कोणी दाखवलं नव्हतं, आणि माझ्याच रुग्णाने ते दाखवलं असतं, पण मी तेव्हा दुसऱ्या ओपीडीत होते. त्या दीड वर्षात मी त्याच पद्धतीने आणखी नेल घातले होते. त्यातल्या किती पायांत असा पीळ राहिला हे मला आजही सांगता येणार नाही. ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही आणि जावी असंही वाटत नाही.

त्या सगळ्या प्रकारात कामचुकारपणा कोणीच केला नव्हता. टाके काढणाऱ्या रेसिडेन्टने टाके नीट काढले. सहा आठवड्यांनी बघणाऱ्याने एक्स-रेवर कॅलस (जुळताना तयार होणारं नवं हाड) दिसतोय का ते बघितलं. सहाव्या महिन्याला बघणाऱ्याने हाड जुळल्याची नोंद करून त्याला मोकळं केलं. तिघांनीही तो रुग्ण पहिल्यांदाच पाहिला होता. ज्याने ऑपरेशन केलं त्याला निकाल कळला नाही, आणि ज्यांच्यासमोर निकाल होता त्यांनी ऑपरेशन केलेलं नव्हतं. माणसं सगळी चांगली होती. दोघांची गाठ पडेल अशी जागा तक्त्यात नव्हती.

कॉडमनचं नाव प्रत्येक ऑर्थो रेसिडेन्टला पाठ असतं. हाडाच्या ट्यूमरमध्ये एक्स-रेवर दिसणारा त्याचा त्रिकोण, खांद्यासाठी पुढे वाकून हात लोंबता ठेवून करायचा त्याचा व्यायाम. पण बोस्टनच्या या सर्जनने आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी भांडण केलं ती आम्ही कोणी शिकवत नाही. अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवायचा. त्यावर काय झालं होतं, काय केलं आणि निदान वर्षभरानंतर रुग्ण कसा आहे हे लिहिलेलं असायचं. उपचार फसला असेल तर का फसला, चूक निदानाची, हाताची की साधनांची, हेही तो लिहायचा. १९११ मध्ये त्याने स्वतःचं छोटं रुग्णालय काढलं आणि १९११ ते १९१६ या काळातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब छापून प्रसिद्ध केला. त्यात १२३ चुका त्याने स्वतःच नोंदवल्या होत्या. या हट्टापायी त्याला सहकारी गमवावे लागले, मिळकतही गेली. शंभराहून जास्त वर्षं झाली. आपल्या रेसिडेन्टच्या लॉगबुकात आजही ऑपरेशनची तारीख, प्रकार आणि 'केलं' की 'असिस्ट केलं' एवढेच रकाने असतात. रुग्ण पुढे कसा आहे, हा रकाना कुठेच नसतो.

आता हाडाचा हिशेब बघा. मनगटाजवळचं फ्रॅक्चर साधारण सहा आठवड्यांत धरतं, पण मूठ पूर्वीसारखी आवळायला कित्येक महिने जातात. नडगीला चार-पाच महिने सहज लागतात. नऊ महिने होऊनही हाड जुळत नसेल आणि शेवटचे तीन महिने काहीच पुढे सरकत नसेल, तर आपण त्याला नॉन-युनियन म्हणतो. म्हणजे नॉन-युनियनची व्याख्यासुद्धा आपल्या नेहमीच्या रोटेशनहून लांब आहे. खुब्याच्या मानेचं फ्रॅक्चर स्क्रूने बसवलं तर चेंडूचा रक्तपुरवठा टिकला की नाही याचा निवाडा व्हायला दोन वर्षंही लागू शकतात. गुडघ्यातलं लिगामेंट (हाडांना जोडणारा बंध) बसवलेला खेळाडू नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये असं आपण सांगतो. आणि तीन महिन्यांसाठी आलेला रेसिडेन्ट त्याला ब्रेसमध्ये, कुबड्यांवर शेवटचा बघतो.

टॅलसच्या, म्हणजे घोट्यातल्या हाडाच्या, मानेचं फ्रॅक्चर तसं क्वचितच येतं, त्यामुळे ज्याच्या वाट्याला येतं तो रेसिडेन्ट रात्रभर जागायलाही तयार असतो. ऑपरेशन होतं. मग सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान एक्स-रेवर टॅलसच्या घुमटाखाली एक बारीक काळसर रेघ दिसते. हॉकिन्स साइन. हाडात रक्त फिरतंय, म्हणून तिथला कॅल्शियम विरघळतोय, असा तिचा अर्थ. ती रेघ दिसली की निम्मी चिंता मिटते. पुस्तकातला तिचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण ज्या टॅलसवर मध्यरात्री आपण स्वतः वाकून काम केलं, त्याच टॅलसमध्ये ती रेघ उमटलेली बघणं, किंवा तिची वाट बघत राहणं आणि ती न उमटणं, हे वेगळंच शिक्षण आहे. सहाव्या आठवड्याला तो रेसिडेन्ट हॅन्ड युनिटमध्ये टेंडन, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, शिवत असतो.

मुलांच्या युनिटबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे हा प्रश्न सर्वांत टोकदार होतो. आपल्या शास्त्राच्या नावातच मूल आहे. १७४१ मध्ये निकोलस आंद्री या फ्रेंच वैद्याने 'सरळ' आणि 'मूल' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ते नाव बनवलं. आणि मुलांचं रोटेशन पुष्कळ ठिकाणी सर्वांत आखूड असतं, कुठे कुठे सहाच आठवडे. सहा आठवड्यांत क्लबफूटचं (जन्मतः आत वळलेल्या पावलाचं) एक बाळसुद्धा पूर्ण बघून होत नाही. त्यावरच्या पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला एक प्लास्टर, साधारण पाच-सहा प्लास्टर, मग बहुतेकांना टाचेच्या मागचा टेंडन कापायची छोटी टेनॉटॉमी, त्यानंतर तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. मग पहिले तीन महिने दिवसातले तेवीस तास ब्रेस, म्हणजे पट्टीला जोडलेले बूट, आणि पुढे झोपेच्या वेळी चार-एक वर्षांचं होईपर्यंत. पाय परत वळतो तो बहुतेक वेळा प्लास्टर चुकल्यामुळे नाही, ब्रेस सुटल्यामुळे. आपला रेसिडेन्ट प्लास्टर घालायला शिकतो, टेनॉटॉमी करतो आणि पाय सरळ झालेला बघून पुढच्या युनिटला जातो. त्याच्या मनात क्लबफूट बरा झालेला असतो. दीड वर्षांच्या रडणाऱ्या मुलाला रात्री ब्रेस कसा घालायचा हे आईला समजावून सांगणं, तिचं थकणं ऐकून घेणं, तिला न दुखावता ब्रेसचे घासलेले तळवे तपासून तो खरोखर वापरला जातोय का ते ओळखणं, हे खरं पोन्सेटी. ते तो बघतच नाही.

आणि इग्नासिओ पोन्सेटींची पद्धत जगाने मान्य केली तीसुद्धा दीर्घ फॉलोअपमुळेच. अमेरिकेतल्या आयोवामध्ये ते विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही प्लास्टरं घालत होते, १९६३ मध्ये त्यांनी लेख लिहिला, तरी बहुतेक सर्जन मोठी शस्त्रक्रियाच करत राहिले. १९९५ मध्ये त्यांच्या रुग्णांचे तीस वर्षांनंतरचे निकाल छापून आले. तेव्हाची बाळं आता मोठी झाली होती आणि त्यांचे पाय कामाचे होते. त्यानंतर चित्र पालटत गेलं.

ट्यूमरच्या रोटेशनवर सहसा पहिली कात्री चालते. केसेस कमी, म्हणून महिने कमी. मला हे पटत नाही. हाडाच्या ट्यूमरची बायॉप्सी दिसायला सोपी असते, म्हणून ती ज्युनिअरला मिळते. पुढे पाय वाचवायचं ऑपरेशन करताना बायॉप्सीचा सगळा मार्ग, कातडीपासून हाडापर्यंत, ट्यूमरबरोबर काढून टाकावा लागतो. छेद आडवा घेतला, चुकीच्या स्नायूंतून गेला किंवा रक्त साकळलं, तर वाचला असता तो पाय जातो. अमेरिकी सर्जन हेन्री मॅन्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या चुकांचा हिशेब मांडला. ज्या केंद्रात अंतिम ऑपरेशन व्हायचं तिथल्यापेक्षा बाहेर झालेल्या बायॉप्सीत चुका कितीतरी पटींनी जास्त होत्या. १९९६ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हाही फारसा फरक पडलेला नव्हता. मला त्यातून एक गोष्ट कळते: शेवटचं ऑपरेशन ज्याच्या डोळ्यांसमोर आहे तोच पहिला छेद बरोबर घेतो. मग बायॉप्सी करणाऱ्या आपल्या रेसिडेन्टला, सुरुवातीची किमोथेरपी झाल्यावर, बायॉप्सीनंतर दोन-तीन महिन्यांनी होणाऱ्या त्याच रुग्णाच्या ऑपरेशनला उभं राहता येऊ नये, असा तक्ता आपण का आखतो?

स्पाइन आणि स्पोर्ट्सबद्दल वेगळं काही सांगत नाही. तिथेही हेच आहे. सांधेरोपणात मात्र एक सोपा उपाय हाताशी आहे. रेसिडेन्टला नव्या सांध्यांच्या यादीइतकंच रिव्हिजनच्या (बसवलेला सांधा पुन्हा बदलण्याच्या) ओपीडीत बसवा. ब्रिटिश सर्जन जॉन चार्नलींनी सुरुवातीला खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं होतं. शेकडो रुग्णांना ते बसवलं, सुरुवातीला निकाल उत्तम दिसले आणि काही वर्षांतच त्या वाट्या झिजून गेल्या. त्यांनी त्या स्वतः बघितल्या, स्वतः काढल्या आणि १९६२ मध्ये पॉलिएथिलीनकडे वळले. आज जगभर जो खुबा बसतो त्याचा पाया तिथे घातला गेला. सहाव्या आठवड्याचा एक्स-रे बघून ते थांबले असते तर टेफ्लॉनच चालू राहिलं असतं.

प्लास्टर रूमबद्दल मला नेहमी वाटत आलं आहे की रेसिडेन्सीची सुरुवात तिथेच व्हावी, सलग दोन महिने, ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) तोंडही न बघता. आपल्या विभागात प्रत्येक उपचाराचा शेवट रोज बघणारी माणसं तिथे आहेत. कोणाच्या प्लास्टरखाली टाचेला जखम निघते, कोणाचं प्लास्टर आठवड्यात सैल होऊन आतलं हाड सरकतं, कोणाचं मोल्डिंग तीन बिंदूंवर पक्कं बसतं, हे प्लास्टर टेक्निशियनला आमच्यापेक्षा आधी कळतं, कारण प्लास्टर कापतो तो. माझ्या पहिल्या वर्षी अशाच एका अनुभवी टेक्निशियनने मी घातलेलं प्लास्टर कापताना मला हाक मारून बोलावलं आणि मनगटाजवळचा कापूस बोटाने दाखवला. एका ठिकाणी पार दबून पुठ्ठ्यासारखा झाला होता, खाली कातडी लाल. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर प्लास्टरवर बोटांची टोकं न टेकवता तळहाताने दाबायचं मला कोणी सांगावं लागलं नाही. त्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावर असते तर तो कापूस कचऱ्यात गेला असता आणि मी तशीच प्लास्टरं घालत राहिले असते.

कामाच्या तासांवर मर्यादा आली हे चांगलंच झालं. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० तास, युरोपात तर ४८ तासांचा नियम. सलग जागून, डोळ्यांसमोर अंधारी येत असताना मी ड्रिल धरलेलं आहे आणि तो काळ परत यावा असं मला अजिबात वाटत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय १८८९ मध्ये उघडलं आणि तिथे सर्जन विल्यम हॅल्स्टेड यांनी सर्जनच्या प्रशिक्षणाची घडी बसवली, तेव्हा रेसिडेन्ट खरोखरच रुग्णालयात राहायचा; नाव त्यावरूनच आलं. सतत तिथेच असल्यामुळे आपला रुग्ण पुढे कसा आहे हे त्याला कोणी वेगळं सांगावं लागत नसे. पूर्वी जे राहण्यातून आपोआप मिळत होतं, ते आता तासही कमी आणि उपशाखाही वाढलेल्या असताना आपोआप मिळणार नाही. ते ठरवून द्यावं लागेल, आणि ते ठरवणं तुमच्या हातात आहे.

यावर काय उत्तर येतं ते मी बैठकांमध्ये ऐकलं आहे. सगळ्या उपशाखा बघायलाच हव्यात, मग रोटेशन आखूडच होणार. हे खरं आहे, आणि मी उपशाखा कमी करा म्हणत नाही. प्रशिक्षण कुठे तीन वर्षांचं, कुठे पाच, कुठे त्याहून मोठं. कितीही असलं तरी एका युनिटमध्ये दोन वर्षं कोणाला ठेवता येणार नाही. दुसरं उत्तर असं की रेसिडेन्ट गेला तर युनिटचं काम कोण करणार? इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. रोटेशनच्या नावाखाली आपण अनेकदा हात वाटतो. जिथे वॉर्ड भरलेला, तिथे दोन रेसिडेन्ट जास्त. जिथे शिकण्यासारखं खूप पण काम कमी, ते युनिट रिकामं. काम झालंच पाहिजे, रुग्ण ताटकळता कामा नये, हे मान्य. पण मग निदान कबूल करू या की तो चौकोन शिक्षणासाठी भरलेला नाही, आणि त्या रेसिडेन्टला त्याची भरपाई दुसरीकडे देऊ या.

मी मागते आहे ते थोडं आहे. प्रत्येक रेसिडेन्टला, तो कोणत्याही रोटेशनमध्ये असो, आठवड्यातली एक दुपार मोकळी द्या. त्या दुपारी तो फक्त स्वतः हाताळलेल्या रुग्णांना बघेल. सगळ्यांना नाही, प्रत्येक रोटेशनमधून निघताना त्याने चार-पाच रुग्ण निवडायचे आणि ते पुढे त्याचे. ऑपरेशन केलेले असतील, नुसतं प्लास्टर घातलेले असतील, ज्याला ऑपरेशन नको असं आपण सांगितलं तोही असेल. तो तर असावाच. लॉगबुकात एक रकाना वाढवा: हाड जुळलं का, सांधा किती वळतो, रुग्ण कामावर गेला का, दुखतंय का, आणि पुन्हा ही केस आली तर काय वेगळं करशील. रोटेशनच्या शेवटी आपण जे मूल्यमापन भरतो, त्यात किती केसेस केल्या याच्या शेजारी किती केसेस शेवटपर्यंत बघितल्या हेही विचारा. रेसिडेन्ट दुसऱ्या रुग्णालयात गेला असेल तर त्याच्या रुग्णांच्या तारखा एकाच दुपारी लावता येतात, नाहीतर फॉलोअपचे एक्स-रे त्याच्यापर्यंत पोचवून त्याचं मत लेखी मागवता येतं. प्रत्यक्ष बघण्याची सर त्याला नाही, पण काहीच न कळण्यापेक्षा पुष्कळ बरं.

रोटेशन बदलायच्या दिवसाचंही बघा. एकाच सकाळी सगळे रेसिडेन्ट बदलतात आणि त्या रात्री वॉर्डातल्या एकाही रुग्णाला ओळखणारा डॉक्टर ड्युटीवर नसतो. नडगीचं फ्रॅक्चर असलेल्या माणसाचं दुखणं संध्याकाळपेक्षा वाढलंय का, बोटं ताणल्यावर आता जास्त कळवळतोय का, हे ज्याने संध्याकाळी तपासलं तोच रात्री सांगू शकतो. कंपार्टमेंट सिंड्रोम (स्नायूंच्या कप्प्यातला दाब वाढून रक्तपुरवठा तुटणं) ओळखायला यंत्रापेक्षा ही तुलना आधी लागते आणि हातात थोडेच तास असतात. निम्मे आज, निम्मे चार दिवसांनी बदलले, तर यातला बराच धोका टळेल. याला जादा माणूस लागत नाही, पैसाही लागत नाही.

आमच्या युनिटमध्ये ही दुपार आम्ही गेली दोन वर्षं चालवतो आहोत. सुरळीत चालते असं म्हणणार नाही. ओटी लांबली की पहिला बळी याच दुपारचा जातो आणि मला दर वेळी भांडावं लागतं. पण मागच्या वर्षी स्पाइनमध्ये असलेला एक रेसिडेन्ट सहा वर्षांच्या मुलीला बघायला आला. आठ महिन्यांपूर्वी तिच्या कोपराच्या वरचं फ्रॅक्चर त्याने वायरींनी बसवलं होतं. कोपर आखडलेलं असताना हात सरळ आहे की वाकडा ते कळत नाही; पूर्ण उघडल्यावरच कळतं. आता तिचा कोपर पूर्ण उघडत होता आणि हात आतल्या बाजूला वळलेला होता, नजरेत भरेल इतका. तिला दुखत नव्हतं, ती खुशाल खेळत होती. त्याने दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून कोन मोजला, आईवडिलांना खरं काय ते नीट सांगितलं, पुढे काय करता येईल तेही सांगितलं. मग संगणकावर बसून ऑपरेशनच्या वेळच्या सी-आर्मच्या प्रतिमा काढल्या. आतल्या बाजूचं हाड किंचित दबलेलं त्यात दिसत होतं. त्या रात्री त्याने ते चालेल म्हणून सोडलं होतं. मी त्याला काही बोलले नाही. त्यानंतर कोपराच्या प्रत्येक केसला तो वायर घालण्यापूर्वी दुसऱ्या हाताचा एक्स-रे मागतो आणि बाउमनचा कोन (कोपराच्या वरच्या हाडाचा एक्स-रेवर मोजायचा कोन) मोजतो. ज्युनिअरलाही मोजायला लावतो.

माझ्या हातून झालेली चूक मला दीड वर्षानंतर लिफ्टसमोर, योगायोगाने कळली. त्याला त्याची चूक आठ महिन्यांत, ठरलेल्या वेळी, माझ्या उपस्थितीत कळली.

पुढचा तक्ता लवकरच लागेल. तो लावण्याआधी प्रत्येक नावासमोर त्या एका दुपारची नोंद करा, आणि ओटीची यादी करणाऱ्यांना सांगा की त्या दुपारी तो रेसिडेन्ट ओटीला मिळेल असं गृहीत धरायचं नाही. सुरुवातीला अडचणी येतील. आमच्याकडे काय जमलं आणि काय फसलं ते सगळं लिहून ठेवलेलं आहे. ज्या विभागाला हवं असेल त्याला मी ते आनंदाने देईन, आणि बोलावलंत तर येऊन सांगेनही.

आपली,
एक ऑर्थोपेडिक सर्जन आणि शिक्षिका